सावकाशची उजवी बाजू

४ मार्च

चिरंजीव,

आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

तू ठरवलेला दलाल आज सकाळी टेम्पो घेऊन माझ्या फाटकाशी आला. मी त्याला रिकामा परत पाठवला. तो म्हणाला, "काका, साहेबांशी बोलणं झालंय माझं." मी म्हणालो, "साहेबांचा बाप घरात आहे, त्याच्याशी झालेलं नाही." घोडी कोठे नेणार, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे पाहण्याऐवजी टेम्पोच्या चाकाला लाथ मारून पाहिली आणि चाकालाच सांगितले, "असल्या जनावरांना नेतात तिकडंच." म्हणजे खाटकाकडे. हे तुला ठाऊक नव्हते, असे कृपा करून लिहू नकोस. तुला ठाऊक असलेल्या गोष्टी तू किती सहजपणे ठाऊक नसल्यासारख्या करतोस, हे मी तुझ्या लहानपणापासून पाहत आलो आहे.

ही घोडी मी मागितली नव्हती. तुझ्या शहरातल्या घरात गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून लेकीच्या हौसेची घोडी तू माझ्या अंगणात आणून बांधलीस. दर रविवारी तुम्ही बापलेक यायचे, भिंगरी तासभर घोडीवर बसायची, आणि उरलेला आठवडा लीद मी काढायची. मी तक्रार केली, पण काढली.

आता भिंगरी घोडीवरून पडली. मी त्या सकाळी न्हाव्याकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा अंगणात कोणीच नव्हते, फाटक सताड उघडे होते आणि घोडी परसात घामाने निथळत उभी होती. पोरीच्या गळ्याजवळचे हाड मोडले, मनगट मोडले. त्यावर तू दोन विधाने केलीस. एक, घोडी मुळातच दुष्ट आहे आणि विनाकारण उधळली. तू तर म्हणे पाणी प्यायला आत गेला होतास. दोन, पोरीने लगाम सैल सोडला. दुसरे विधान तू तिच्या खाटेशी उभा राहून, डॉक्टरांच्या आणि सूनबाईच्या देखत केलेस. पोर मान हलवून "हो" म्हणाली. त्या दिवसापासून ती घोड्याचे नावही काढत नाही, असे सूनबाई सांगते.

मी उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवला. पुराव्याशिवाय मी कोणाच्या वाक्यातला स्वल्पविरामही काढलेला नाही. तू मात्र एका वाक्यात एका जनावराचा जीव आणि दुसऱ्या वाक्यात एका मुलीची हिंमत काढून टाकलीस.

तेव्हा माझी अट ऐक. मे महिना संपण्यापूर्वी मी स्वतः या घोडीवर बसून अंगणाला फेरी मारीन. ज्याने आयुष्यात कधी गाढवावरही मांड ठोकलेली नाही आणि ज्याचा डावा गुडघा वाकत नाही, अशा म्हाताऱ्याला जर तिने निमूटपणे पाठीवर घेतले, तर ती दुष्ट नव्हे, हे तुला मान्य करावे लागेल. न घेतले, तर तुझा दलाल तिला घेऊन जाऊ दे. जाता जाता माझ्यासाठीही एखादे वाहन पाहायला त्याला सांग.

उत्तर पत्राने पाठव.

— अप्पा


१० मार्च

चिरंजीव,

तुझे उत्तर मोबाईलवर आले. "ठीके." हा शब्द नव्हे, हा ढेकर आहे. तथापि ढेकरातूनही संमती व्यक्त होते, असे मी धरून चालतो.

रस्त्यापलीकडे घोडेस्वारीची शाळा चालवणाऱ्या कप्तानबाईंना मी बोलावले आहे. त्या सैन्यात घोड्यांच्या डॉक्टर होत्या आणि अजूनही सगळ्या जगाला जणू तपासणीसाठी रांगेत उभे केले आहे अशा आवाजात बोलतात. अपघातानंतर मीच त्यांना घोडी दाखवली होती, तेव्हा त्यांचे मतही तुझ्यासारखेच पडले होते: बिथरलेले जनावर, मुलांच्या कामाचे नाही. त्या माझ्या मदतीला आल्या आहेत त्या मी तोंडघशी पडेन या आशेने. मला त्याचे काही वाटत नाही. विरोधकाने शिकवलेले अधिक पक्के बसते.

"बसायचंय? तुम्हाला?" त्यांनी मला टाचेपासून टोपीपर्यंत पाहिले. "आधी तिच्यासोबत चालून दाखवा, काका."

"चालणं येतं मला."

"तुम्हाला येतं हो. तिला तुमच्यासोबत येतं का, ते बघायचंय."

घोडीच्या तोंडावरच्या म्होरकीला बांधलेला दोर हातात घेऊन मी निघालो. पाहणाऱ्याला वाटले असते, मी घोडीला नेत आहे. घोडी मला माझ्याच कुंपणापर्यंत घेऊन गेली, तिने माझी मेंदी ओरबाडून खाल्ली आणि मग मला परत आणून सोडले. कप्तानबाई पोट धरून हसल्या.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती थांबण्याची आणि मागे सरण्याची. दोर किंचित मागे दाबायचा. घोडीने पाऊल मागे घेतले की त्याच क्षणी दोर सैल सोडायचा. तिचे बक्षीस तेवढेच. मी दाबत राहिलो.

"अहो, सोडा की!" कप्तानबाई ओरडल्या. "सरली ना ती मागे?"

"सरली, पण वाकडी सरली."

"मग सरळ कराल उद्या! आज तिनं ऐकलं, एवढं तरी तिला कळू द्या. ऐकलं तरी बोलणी, नाही ऐकलं तरी बोलणी, मग तिनं ऐकायचं कशाला?"

छापखान्यात माझ्याशी या स्वरात कोणी बोलले असते, तर त्याला मी दुपारपर्यंत ठेवले नसते. दोर मात्र मी सोडला. घोडीने मान खाली घातली आणि जबडा चघळल्यासारखा हलवला. कप्तानबाईंच्या मते घोडा विचार करू लागल्याची ती खूण आहे. तुझ्यात ती खूण दिसावी म्हणून मी अनेक वर्षे वाट पाहत आहे.

— अप्पा


२८ मार्च

चिरंजीव,

सूनबाईने फोनवर माझ्या आवाजाची चौकशी केली, म्हणून खुलासा करतो: मी न्हाणीघरात घसरलो. बरगडीला मुका मार आहे. इतरांनी त्यावरून काही निष्कर्ष काढू नयेत.

घोडी आता माझ्या खांद्याच्या रेषेत चालते. मी थांबलो की थांबते. मी वळलो की वळते. बोट तिच्या मांडीला लावले की मागचा पाय आडवा टाकून बाजूला होते. हे मला इतके आवडले आहे की कप्तानबाईंनी ते दिवसातून अनेकदा करण्यास मनाई केली आहे. लांब दोरावर ती माझ्याभोवती गोल फिरते, आधी चालत, मग दुडक्या चालीने, आणि मी मध्यभागी उभा राहून हुकूम सोडतो. सुरुवातीला मी पूर्ण वाक्यांत बोलत असे. कप्तानबाई म्हणाल्या, "तुमचं वाक्य संपेपर्यंत ती तीनदा फिरून येते." आता मी एकेक शब्द बोलतो. म्हातारपणी माणसाला काय काय पाहावे लागते!

तिच्या नावाविषयीही लिहिले पाहिजे. भिंगरीने तिचे नाव "सावकाश" ठेवले, तेव्हा मी हरकत घेतली होती: ते क्रियाविशेषण आहे, त्याने कोणी हाक मारीत नाही. पोर म्हणाली, "घरात सगळे मला दिवसभर तेच म्हणतात, आजोबा. मी ते हिला देऊन टाकलं." मी हरकत मागे घेतलेली नाही. परंतु ती घाबरून कान मागे टाकते, तेव्हा तिला नावाने हाक मारली की हाक मारणाऱ्याचाही आवाज खाली येतो, हे मी नोंदवतो.

तू विचारतोस (पुन्हा मोबाईलवर, पुन्हा विरामचिन्हांवाचून), की "अप्पा हे सगळं कशासाठी". आजवर मी तुला हे तत्त्वासाठी आहे असे भासू दिले. ते अर्धेच खरे होते. दलाल यायच्या आदल्या दुपारी माझा फोन वाजला. पलीकडे भिंगरी होती. आवाज इतका बारीक की मला प्रथम वाटले, फोन बिघडला आहे. "आजोबा, सावकाशला न्यायला येतील. देऊ नका." एवढेच बोलली आणि फोन ठेवला. म्हणजे तुझ्या घरात बसून ती जे तुला सांगू शकत नाही, ते मला सांगते. ते का, याचा विचार तू कर. मीही करतो आहे.

— अप्पा


१४ एप्रिल

चिरंजीव,

प्रथम एक दुरुस्ती. मागील पत्रातील न्हाणीघर वगळावे. मी घोडीवरून पडलो होतो. अधिक काटेकोरपणे सांगायचे तर, घोडीवर पोहोचण्यापूर्वीच पडलो. असत्य लिहून मला झोप लागेना. तुला ती कशी लागते, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो.

घडले ते असे. खोगीर घालून पोटाखालचा तंग आवळणे येथपर्यंत सर्व सुरळीत झाले होते. मग चढण्याचा प्रसंग आला. घोड्यावर डावीकडून चढतात: डावा पाय रिकिबीत, गुडघा छातीपर्यंत. माझा डावा गुडघा इतका वाकत नाही. मी कप्तानबाईंना म्हणालो, "मी उजवीकडून चढेन."

"डावीकडूनच चढतात."

"का?"

"पूर्वी डाव्या कमरेला तलवार असायची. उजवीकडून चढलं तर ती पायात यायची."

"माझ्या कमरेला तलवार नाही, बाई. गुडघ्यात संधिवात आहे."

त्या म्हणाल्या, "करा काय करायचं ते." मी खोगिराखालची घडी सारखी करण्यासाठी घोडीच्या उजव्या बाजूला गेलो आणि कापड हातात झटकले. त्यासरशी ती अशी उसळली की मी कोठे पडलो हे मला पडल्यावर कळले. अंगणाच्या टोकाशी जाऊन ती थरथरत उभी राहिली. "बघा," कप्तानबाई म्हणाल्या, "म्हटलं नव्हतं?"

त्या दिवशी मीही हरलो होतो. पत्रात न्हाणीघर आले ते त्यामुळे. परंतु बरगडी शेकत पडल्या पडल्या मी विचार करू लागलो. तेच कापड मी डावीकडून रोज झटकत होतो आणि तिने कधी कानही टवकारला नव्हता. मग मी खुर्ची घेऊन तबेल्यासमोर जाऊन बसलो (ती खुर्ची आता तेथेच असते) आणि नुसते पाहत राहिलो. तू तिला ज्या कड्याला बांधायला सांगितलेस, तेथे तिची उजवी बाजू कायम भिंतीला असते. दाणा आपण डावीकडून घालतो, दोर डावीकडून धरतो, खोगीर डावीकडून टाकतो, भिंगरी डावीकडून चढते. सगळे जग तिच्या एकाच डोळ्यासमोरून जाते. दुसऱ्या डोळ्याला माहीत आहे ती फक्त भिंत.

दुसऱ्या दिवशी मी कप्तानबाईंना म्हणालो, "ही दुष्ट नाही. ही अर्धी अशिक्षित आहे."

मला वाटले, त्या हसतील. त्यांनी हातातली छडी बगलेत धरली आणि घोडीभोवती एक फेरी मारली. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "एका बाजूला शिकवलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही घोड्यात. हे मी पोरांना रोज सांगते. आणि त्या दिवशी मी स्वतः हिला भिंतीशी बांधलेलीच तपासली." मग आवाज पुन्हा तपासणीच्या उंचीवर नेऊन म्हणाल्या, "चला, पहिल्यापासून! उजवीकडून!"

तेव्हा आम्ही पहिल्यापासून आरंभ केला आहे. चालणे, थांबणे, मागे सरणे, सर्व उजवीकडून. मला संताप एवढाच आहे, की तू या घोडीला दुष्ट म्हणालास तेव्हा तिची एक बाजू तू कधी पाहिलीही नव्हतीस.

— अप्पा


२९ एप्रिल

चिरंजीव,

हे पत्र एकट्याने वाच.

घोडीला फडफडणाऱ्या वस्तूंची सवय करायची असते. पोते, छत्री, कागद. सावकाश आता उजवीकडूनही पोते अंगावर घेऊ लागली आहे. मी आणखी काहीतरी शोधायला खोगिराच्या खोलीत गेलो. जुन्या पोत्यांच्या ढिगाच्या तळाशी, भिंतीकडे सारलेला, मला तुझ्या गाडीचा पडदा सापडला. पुढच्या काचेला ऊन लागू नये म्हणून लावतोस तो, घडीचा, चंदेरी. हातातून सुटला की फटकन उघडतो आणि डोळे दिपवतो. मला प्रथम आश्चर्य वाटले ते इतकेच, की ज्याला गाडीचे आसन तापलेले सोसत नाही, तो मनुष्य हा पडदा पोत्यांखाली कशाला ठेवील.

मी तो अंगणात नेऊन उघडला. डावीकडून घोडीने तो हुंगला. उजवीकडून मात्र मी तो नुसता काखेत दाबून वीस पावलांवर दिसलो, आणि तिने दोर तोडला. पोत्याला न भिणारी, छत्रीला न भिणारी घोडी त्या एका वस्तूला भ्यायली. जनावर नवीन वस्तूला बिचकते. पण हे बिचकणे नव्हते. ही ओळख होती.

मग मी पडदा उन्हात पसरून पाहिला. त्याच्या कोपऱ्यावर नालाचा अर्धगोल उमटलेला आहे. त्यातली तार तेथे वाकलेली आहे.

अंगणाची रचना तुला सांगण्याची गरज नाही. पण लेखी असावी म्हणून लिहितो. चढण्याचा दगडी ओटा आणि कुंपण यांच्यामध्ये घोडी उभी राहते. ओटा तिच्या डावीकडे, कुंपण उजवीकडे. कुंपणाच्या पलीकडे, तिच्या उजव्या डोळ्यापासून हातभर अंतरावर, तू दर रविवारी गाडी लावतोस.

माझा प्रश्न एका वाक्याचा आहे आणि उत्तरही एका वाक्याचे हवे आहे. भिंगरी ओट्यावरून घोडीवर चढत होती, तेव्हा तू कोठे होतास?

— अप्पा


११ मे

तुझे उत्तर मिळाले. "अप्पा जुनं कशाला उकरताय झालं गेलं".

माझा प्रश्न जुना नाही. भिंगरीचे मनगट अजून पूर्ण वळत नाही. ते जुने झाले असते तर वळले असते. घोडीचा टेम्पो अजून तू रद्द केलेला नाहीस. ते जुने झाले असते तर मी आज हा गुडघा घेऊन रिकिबीत लोंबकळत नसतो.

मला वाटले होते, तू खोटे बोलशील, आणि मी ते खोडून काढीन. खोडण्याचे काम मला येते. तू खोटेही बोलला नाहीस. तू नुसता खांदे उडवून बाजूला झालास. तसाच त्या दिवशी झालास, आणि जेथून तू बाजूला झालास तेथे तू एक अकरा वर्षांची पोर उभी केलीस. एखाद्याच्या हातून वस्तू चुकून सुटू शकते. पडदा उघडणे हा गुन्हा नाही. तो घडी करून पोत्यांखाली घालणे आणि मग दवाखान्यात जाऊन "हिने लगाम सोडला" म्हणणे, हे चुकून होत नाही. त्यासाठी डोके शांत लागते.

मला या क्षणी तुझा इतका राग आला आहे की अक्षर बिघडले. पत्र पुन्हा लिहिणार नाही. असेच वाच.


२५ मे

चिरंजीव,

आज सकाळी मी घोडीवर बसलो.

कप्तानबाई म्होरकीपाशी उभ्या होत्या, परंतु त्यांनी दोर हातात घेतला नव्हता; तसे मीच बजावले होते. मी उजवीकडून चढलो. उजवा पाय रिकिबीत घातला, पोटावर खोगिराला आडवा झालो, आणि तो वाकत नसलेला डावा पाय एखादी शिडी भिंतीवरून पलीकडे टाकावी तसा पलीकडे टाकला. हे सर्व होईपर्यंत घोडी जागची हलली नाही. फक्त एकदा तिने मान वळवून माझ्या बुटाकडे पाहिले.

वरून अंगण वेगळे दिसते. मला माझ्या घराच्या छपरावरचा फुटका पत्रा दिसला, जो मी कित्येक वर्षे खालून शोधत होतो.

"श्वास घ्या, काका!" कप्तानबाई खालून ओरडल्या. "तुम्ही धरून ठेवलाय, म्हणून तीही धरून बसलीय."

मी श्वास सोडला. माझ्या मांड्यांखाली तिने सोडला. मग मी दोन्ही टाचा हलक्या टेकवल्या आणि ती चालू लागली. मी बोललो नाही. काही सांगायचे असेल तर मी कमरेतून किंचित वळत होतो आणि ती वळत होती. थांबावेसे वाटले, तेव्हा मी नुसता बसल्या जागी जड झालो आणि ती थांबली. तिसऱ्या वळणावर तिने दुडक्या चालीचा विचार केला. मी तिला नावाने हाक मारली. तिने विचार बदलला. अंगणाची फेरी पूर्ण झाली. मग आणखी एक झाली. ती अटीत नव्हती. ती मी माझ्यासाठी मारली.

उतरल्यावर कप्तानबाई म्हणाल्या, "पाठ मात्र प्रश्नचिन्हासारखी होती."

मी म्हणालो, "या वयात उद्गारचिन्ह परवडत नाही."

संध्याकाळी तुझा निरोप आला. "मान्य घोडी ठेवा". म्हणजे तुझ्या पहिल्या विधानाचा निकाल लागला. दुसरे अजून उभे आहे. पोर अजून तुझ्या वाक्याखाली आहे.

— अप्पा

ता. क. पुढील आठवड्यात तू बाहेरगावी आहेस, असे कळले. सूनबाई भिंगरीला घेऊन येथे येणार आहे. तुला आगाऊ कळवतो, म्हणजे पाठीमागे काही केले असे होणार नाही.


२ जून

चिरंजीव,

त्या दोघी काल आल्या आणि आज गेल्या. मी आता जे लिहितो, ते लिहिणार नाही असा शब्द मी भिंगरीला दिला आहे. तो मोडतो आहे. मोडला हे तिलाही सांगणार आहे. आणखी एक झाकलेली गोष्ट मला या घरात नको.

सूनबाई आत चहा टाकत होती. भिंगरी कुंपणावर बसली होती, ओट्यापासून लांब. मी तिच्यादेखत सावकाशवर बसून फेरी मारली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण माझी टाच चुकून वर गेली तेव्हा तिची स्वतःची टाच खाली गेलेली मी पाहिली. मग मी उतरलो, पडदा आणला, उजव्या बाजूला उभा राहिलो आणि उघडला. घोडीने नाकपुड्या फुगवल्या आणि ती जागीच उभी राहिली. त्यासाठी मी संपूर्ण महिना खर्चला होता.

मी पोरीला म्हणालो, "बघितलंस? त्या दिवशी तिला हे उजवीकडून दिसलं. त्याने ती उधळली. तू लगाम सोडला नव्हतास. तुझी चूक नव्हती." मी हे वाक्य फार दिवस घडवले होते. मला वाटले, ते ऐकून तिच्या छातीवरचा दगड उतरेल.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, आजोबा."

"काय माहीत आहे?"

"मी बघितलं होतं. बाबा काचेला लावत होते. त्यांच्या हातातून सुटला आणि कुंपणावरून आत आला."

मी पडदा मिटून खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

ती कुंपणावरून उतरून घोडीची आयाळ बोटांनी विंचरू लागली. मग म्हणाली, "दवाखान्यात नेताना बाबा गाडी चालवता चालवता रडत होते. सारखे म्हणत होते, मी काही नाही केलं, मी काही नाही केलं. मग तिकडे डॉक्टरांनी विचारलं आणि बाबा म्हणाले, हिनं लगाम सोडला. आणि माझ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, हो."

"आणि घोडीवर बसायचं का सोडलंस? भीती वाटते?"

"नाही हो! भीती कसली?" तिला माझ्या अज्ञानाचे हसू आले. "मी नीट बसून दाखवलं तर सगळे म्हणतील ना, हिला तर लगाम धरता येतो. मग बाबा खोटे पडतील."

चिरंजीव, हे वाक्य तू पुन्हा वाच. मी ते जसेच्या तसे उतरवले आहे. एक मात्राही बदललेली नाही.

तुझा खोटेपणा टिकावा म्हणून ती पोर आपल्या आवडीच्या गोष्टीपासून दूर कुंपणावर बसून राहिली आहे. तू तिच्यावर ओझे टाकलेस, आणि ते ओझे आहे हे तुला दिसू नये म्हणून ती ताठ चालते आहे. दलाल येणार हे कळल्यावर तिला घोडी वाचवायची होती आणि तुलाही वाचवायचे होते. तेव्हा तिने तुझे नाव न घेता मला फोन केला. तुझ्या घरात तेवढे एक मोठे माणूस आहे, आणि त्याचे मनगट मोडलेले आहे.

ती मला म्हणाली, "बाबांना सांगू नका हं. त्यांना असंच वाटू दे."

"काय वाटू दे?"

"की मला माहीत नाही."

मी "बरं" म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो? परंतु रात्र सरली आणि मला उमगले, की मी तो शब्द पाळला तर तुम्ही दोघे आयुष्यभर एकमेकांना एकाच बाजूने ओळखाल. दुसऱ्या बाजूला भिंत राहील, आणि एखाद्या दिवशी तिकडून काहीतरी फटकन उघडेल.

म्हणून आता ही माझी शेवटची अट. तुझ्याशी मी यापुढे वाद घालणार नाही.

रविवारी ये. भिंगरीला घेऊन ये. गाडी नेहमीच्या जागी, कुंपणापलीकडे लाव. ओट्यावरून ती घोडीवर चढेल. दोर कप्तानबाईंच्या हातात असेल. तू घोडीच्या उजव्या बाजूला उभा राहा. पडदा मी तुझ्या हातात देईन. तो तू उघड, आणि उघडताना लेकीकडे पाहून मोठ्याने सांग, की त्या दिवशी मी येथेच उभा होतो. सूनबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

घोडी हलणार नाही. तिला मी शिकवले आहे. पोर हलणार नाही; ती तुझ्यासाठी इतके दिवस हललेली नाही.

उरलास तू.

आशीर्वाद येथेच ठेवले आहेत. येऊन घेऊन जा.

— अप्पा